कोरड्या चौपाटीवरचा आकाशपाळणा

तलावात पाणी होतं तोवर आम्ही त्याला तलावच म्हणत होतो. पाणी गेलं आणि त्याची चौपाटी झाली. हे नाव आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी दिलं आणि ते कमानीवर रंगवण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण मी संस्थेच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. संस्था म्हणजे कारखान्याचीच. कारखाना, दूधसंघ, पतसंस्था, हायस्कूल, सगळं सहकारी होतं. म्हणजे सभासद पुष्कळ होते आणि चेअरमन एकच होते. चित्रकलेच्या शिक्षकाला वर्गात काही काम नसतं, असा तिथं पक्का समज होता. त्यामुळं वाढदिवसाचे फलक, सत्काराची मानपत्रं, निवडणुकीच्या भिंती, अशी माझी सगळी कला सहकारालाच वाहिलेली होती.

गाव नेकनूरपासून फार लांब नाही. ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर यायचा तेव्हा यायचा. जनावरं चारा छावणीत आणि अर्धं गाव कोयता घेऊन परमुलखात, असा हंगाम चालू होता. आमच्या कारखान्याचं धुराडं त्या वर्षी पेटलंच नाही, कारण ऊसच नव्हता. तलावात तळाला एक डोह तेवढा उरला होता. त्याला काटेरी तारेचं कुंपण घालून ‘पिण्याच्या पाण्यासाठी राखीव’ अशी पाटी लावलेली. ती पाटीही मीच रंगवली होती. ऊस लावू नका, पाणी जपा, असं कारखान्यानंच पत्रक काढून सगळ्यांना सांगितलं होतं आणि लोकांनी ते ऐकलंही होतं. न ऐकून करतात काय?

अशा वेळी संचालक मंडळ परदेशात अभ्यास दौऱ्यावर गेलं. उसाशिवाय कारखाना कसा चालवावा, हा अभ्यासाचा विषय असावा. पंधरा दिवसांनी मंडळी परत आली ती कोट घातलेले फोटो घेऊनच. आल्या आल्या चेअरमनसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं आणि मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. कुठल्याशा मोठ्या शहरात नदीच्या काठाला आभाळाएवढा पाळणा उभा होता.

“गुरुजी, नवाच बसवलाय त्यांनी. पाण्याच्या काठाला. लोक रांगा लावून बसत्यात,” साहेब म्हणाले. “आपल्याला बी काठ हाय का न्हाई?”

“काठ हाय साहेब,” मी म्हणालो.

पाण्याचं त्यांनी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. विचारल्यापुरतंच उत्तर लिहावं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो होतो.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हे सांगायला पाहिजे. मला नोकरी त्यांनीच लावली. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला ते स्वतः आले होते आणि माझ्या आईसमोर खाली मांडी घालून बसले होते. कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. असा माणूस एखादी गोष्ट करा म्हणाला की आपलं तोंड आपोआप ‘हो’ म्हणतं. माझं तर ते एवढं सरावलं होतं की पुढचं वाक्य पूर्ण होण्याची वाटही बघायचं नाही.

आकाशपाळणा परराज्यातल्या एका जत्रावाल्याकडून आणला. जुनाच होता. रंग उडालेला, बारा डब्यांचा, पण आमच्या भागात तेवढी उंच वस्तू दुसरी नव्हती, कारखान्याचं धुराडं सोडलं तर. कारखाना बंद असल्यानं फिटर लोक रिकामेच होते. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीनं तो उभा केला. हा मिस्त्री म्हणजे मितभाषी गृहस्थ. हातात पाना आणि खिशात चिंधी, एवढाच त्याचा संसार वाटावा असा. पाळण्याचा एकेक बोल्ट त्यानं उजेडाकडं धरून बघितला, निम्मे फेकून दिले आणि कारखान्याच्या स्टोअरमधून नवे आणून बसवले.

“मिस्त्री, चालंल ना?” साहेबांनी विचारलं.

“चालंल साहेब. गाळपापरीस हे सोपं हाय. ह्याला ऊस लागत न्हाई.”

साहेब मोठ्यानं हसले. विनोद आपल्यावर असला तरी हसायचं, ही त्यांची जुनी सवय होती आणि तिच्यावरच ते एवढ्या निवडणुका जिंकले होते.

मी काठानं उभ्या केलेल्या पत्र्यांवर लाटा काढत होतो. तलावाचा भेगाळलेला तळ पाहुण्यांना दिसू नये, ही कल्पना कारखान्याच्या कार्यकारी संचालकांची, म्हणजे एमडींची. मी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. एका औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर लाटा होत्या, त्या बघून काढल्या. जमिनीवर उभं राहून बघितलं तर खरंच पाणी असल्यासारखं वाटायचं. पाळण्यातून काय दिसेल याचा विचार एमडींनी केला नव्हता आणि मी करायचा प्रश्न नव्हता.

उद्घाटनाला मी आईला घेऊन गेलो. तिला आम्ही घरी ‘माय’ म्हणायचो. तिनं आयुष्याचे वीस-बावीस हंगाम ऊस तोडला होता. माझं डी.एड., पुढचं चित्रकलेचं शिक्षण, सगळं त्या कोयत्यावर झालं. पुढं तिचे गुडघे गेले. ती उजवा हात गुडघ्यावर दाबून, डावीकडं जरा कलून चालायची. उभं राहून मोळ्या वाहिलेल्या बाईला बसून राहणं जमत नाही, त्यामुळं कुठंही काही असलं की ती निघायचीच.

भाषणं झाली. “मराठवाड्याच्या पर्यटनाला आज नवी उंची मिळाली,” असं साहेब म्हणाले. उंचीबद्दल तरी कुणाला शंका घेता येत नव्हती. फीत कापली, नारळ फुटला, आणि मग पहिली फेरी कुणी करायची, हा प्रश्न व्यासपीठावर आला. एका संचालकांना बीपी होतं. दुसऱ्यांचा उपवास होता. तिसऱ्यांनी, आधी साहेबांनीच बसावं, असा आग्रह धरला. साहेबांनी गळ्यातला हार सारखा केला आणि मान वळवून खाली बसलेल्या लोकांकडं बघितलं. परदेशातल्या पाळण्यात साहेब पूर्ण फेरीभर डोळे मिटून बसले होते, हे दौऱ्यावरून आलेल्या मंडळींनी गावभर आधीच सांगून ठेवलं होतं.

“पहिला मान सामान्य माणसाचा!” साहेबांनी माइकवर जाहीर केलं. “हा सहकार हाय. हितं आधी सभासद, मग चेअरमन.”

टाळ्या पडल्या, पण सामान्य माणूस पुढं येईना. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

“मी बसती.”

माय उठली होती. मी तिचा पदर धरला. “अगं, तुझे गुडघे—”

“पाळण्यात बसायचंय. चालायचं कुठं हाय?”

साहेबांना तर आयतीच आजी मिळाली. फोटोवाला धावला. एकट्या म्हातारीला वर कसं पाठवायचं, म्हणून तिच्याबरोबर मला बसवलं. मला उंचीची भीती वाटायची, पण शिक्षक असल्यामुळं ती दाखवायची सोय नव्हती. मिस्त्रीनं साखळी लावली, दोनदा ओढून बघितली आणि मायला म्हणाला, “आक्का, भ्या वाटलं तर हात वर करा.”

पाळणा फिरायला लागला. पहिल्या अर्ध्या फेरीत मी फक्त माझ्या चपला बघितल्या. वर पोचलो आणि डबा थांबला. माय इकडं तिकडं बघत होती. आधी ती तलावाकडं वळली. तिकडं बघण्यासारखं फारसं नव्हतंच. मग ती पश्चिमेकडं वळली. पश्चिमेला तलावाला लागून एक टेकाड आहे. टेकाडापलीकडं साहेबांचं रान होतं, पण त्याला कुंपण होतं, राखणदार होता, आणि टेकाड आडवं असल्यानं रस्त्यावरून तिकडचं काही दिसत नव्हतं. सगळ्यांचीच रानं वाळली, तसं तेही वाळलं असणार, असं लोक धरून चालले होते. ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते.

“ते बघ,” माय म्हणाली.

मी नाइलाजानं मान वर केली. सगळा मुलूख भाकरीसारखा भाजून निघालेला आणि त्यात टेकाडामागं हिरवागार चौकोन. चित्रकलेच्या माणसाला हिरव्याच्या छटा कळतात. असा हिरवा मी दोन वर्षं रंगाच्या डबीबाहेर बघितला नव्हता.

“झाडं लावली असतील,” मी म्हणालो.

“ऊस हाय त्यो.” तिनं डोळ्यांवर हात धरला. “कांडीवर आलाय. पानी कमी पडल्यालं न्हाई त्याला. एकदाबी न्हाई.” मग तिचा हात हळूहळू डोहाकडं सरकला. “आन ती रेघ बघ. डव्हापून निघालीय ती सरळ टेकाडावर. माती उकरून बुजवलीय. नळ पुरलाय तिथं.”

रेघ खरंच होती. ताज्या मातीचा रंग जुन्या मातीपेक्षा वेगळा दिसतो. राखीव पाणी पिण्यासाठीच होतं म्हणायचं. फक्त पिणारा ऊस होता.

“माय,” मी घाईघाईनं म्हणालो, “खाली गेल्यावर ह्यातलं कायबी बोलू नको.”

“कावून?”

एवढा एकच शब्द. मी वरून खाली येईपर्यंत त्याचं उत्तर शोधत होतो. नोकरी आहे, त्यांचे उपकार आहेत, वडिलांच्या दहाव्याला आले होते, अशी सगळी उत्तरं माझ्याकडं होती, पण एकही तिच्यासमोर मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.

खाली पोचलो तर लोकल केबलचा एक वार्ताहर माइक घेऊन उभाच होता. त्याचा माइक मंडपाच्या स्पीकरला जोडलेला होता, हे आयोजनातलं कौशल्य. “आजी, सांगा बरं, वरून काय काय दिसलं?”

“ऊस,” माय म्हणाली.

सगळ्या मंडपात तो ऊस घुमला. वार्ताहर हसला. “ऊस? आजी, तळं दिसलं असंल.”

“तळ्यात काय हाय बघायला? टेकाडामागं ऊस हाय. लई चांगला हाय.”

व्यासपीठावर साहेबांनी माइक हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नव्हतं. “आजी, ते सामाजिक वनीकरण हाय. झाडं हायेत ती. उंचावरनं सगळं सारखंच दिसतं.”

“साहेब,” माय अगदी आदरानं म्हणाली, “बावीस वर्सं त्याचीच पानं अंगाला चिरत गेलीत. ऊस वळखू येईना का मला?”

आधी कुणीतरी एकानं हसू दाबलं. ते दाबलेलं हसू शेवटी सगळ्या मंडपातून फुटलं. सगळ्यात मोठ्यानं साहेबच हसले. खाली उतरून त्यांनी मायला शाल आणि नारळ दिला, तिच्या पाया पडले आणि फोटो काढला. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. ते बघत नाहीत तेव्हा काय समजायचं, हे संस्थेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून चौपाटीवर ही गर्दी! छावणीतले लोक दावणीची जनावरं शेजाऱ्यावर सोपवून आले. पाली, नेकनूर, कुठून कुठून जीपा भरून माणसं आली. तिकीट काढून वर जायची, वर गेली की सगळ्यांच्या माना पश्चिमेला. मिस्त्री प्रत्येक डबा वर गेल्यावर जरा थांबवायचा. एमडींनी विचारलं तेव्हा म्हणाला, “ग्रीस बसू देतो साहेब. जुनी मशीन हाय.” खाली उतरलेला माणूस नुसता रांगेतल्या पुढच्या माणसाकडं बघायचा. इतक्या शिस्तीत पर्यटन मी कुठंच बघितलेलं नाही. पहिले आठ-दहा दिवस तर एमडी, प्रकल्प यशस्वी झाला म्हणून पेढेच वाटत होते.

मग एकदा मला पुन्हा बंगल्यावर बोलावलं.

“गुरुजी, पश्चिमेचं ऊन लई लागतंय पब्लिकला,” साहेब म्हणाले. “बायाबापड्या असत्यात. प्रत्येक डब्याला त्या अंगानं पत्रा ठोकून घेऊ. आन आतनं तुमी चांगलं कायतरी काढा. हंस, होड्या, नारळाची झाडं. पर्यटनासारखं वाटलं पायजे.”

मी म्हणालो, “हो साहेब.”

मला वाटलं होतं, ते मायचा विषय काढतील. निघताना दारात त्यांनी काढला. “आईच्या गुडघ्याला कसं काय? डॉक्टरला दाखवा. माझं नाव सांगा.” एवढंच. त्यात धमकी होती की माया होती, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असाव्यात. त्यांची तीच तर खासियत होती.

चार दिवस मी हंस काढले. बारा डबे, बारा हंस. हंसही मी कधी पाहिला नव्हता, पण समुद्राचा अनुभव कामाला आला. घरी गेलो की माय माझ्या हाताकडं बघायची. एकदा तिनं विचारलं, “आज काय रंगवलंस?”

“हंस.”

“आन उद्या?”

“उद्याबी हंसच.”

ती चुलीकडं वळली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं मला वाढलं, पाणी दिलं, अर्धा तांब्या, त्या दिवसांत तेवढंच मिळायचं, आणि ती शेजारणीकडं गेली. त्या आठवड्यात ती रोजच कुणा ना कुणा शेजारणीकडं जात होती. गुडघे दुखत असताना एवढी फिरते कशाला, असं मी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, “तुमचे हंस झाले का?” मी पुढं विचारलं नाही.

पत्रे लागले आणि चमत्कार असा की गर्दी कमी झाली नाही. एमडी चक्रावले. शेवटी त्यांनी स्वतः एका डब्यात बसून पाहिलं. प्रत्येक पत्र्याला, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, एकेक भोक होतं. बरोबर हंसाच्या डोळ्यात. बाहेरून ते दिसतही नव्हतं. लोक हंसाच्या डोळ्याला डोळा लावून टेकाडापलीकडं बघत होते.

मिस्त्रीला बोलावलं. तो पाना पुसत आला.

“भोकं कुणी पाडली?”

“मी पाडली. पत्रा बंद असला की हवा कोंडती साहेब. वर वारा असतो, डबा हलतो. हवेला वाट पायजे.”

“मग डोळ्यातच कशाला पाडली?”

“दुसरीकडं पाडली असती तर सरांचं चित्र खराब झालं असतं.”

भोकं बुजवायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. पुट्टीचा डबा, पांढरा रंग, बारीक ब्रश. दुपारी पाळणा लोकांसाठी बंद ठेवून एकेका डब्यात बसून आतून बुजवायचं ठरलं. पहिल्या डब्यात मी बसलो. मिस्त्रीनं साखळी लावली आणि पाळणा फिरवला.

“मिस्त्री, खालीच बुजवतो की! वर कशाला?”

“उजेड चांगला असतो सर वर,” तो म्हणाला. मला वर नेऊन त्यानं पाळणा थांबवला आणि सावलीत जाऊन बसला.

मी पुट्टी बोटावर घेतली. भोकाजवळ गेलो. बुजवण्याआधी एकदा बघावं, असं कुणालाही वाटेल. मी डोळा लावला.

टेकाडावरून बायकांची रांग चालली होती. डोक्यावर रिकामे हंडे, घागरी, कुणाच्या कमरेला प्लॅस्टिकची कॅन. तीस-चाळीस तरी असतील. रांगेच्या पुढं एक बाई उजवा हात गुडघ्यावर दाबून, डावीकडं कलून चालत होती. एवढ्या लांबून चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. मला दिसण्याची गरज नव्हती.

राखणदार धावत आला. हात वर करून तो रांगेपुढं उभा राहिला. रांग थांबली. माय त्याच्याशी बोलत असावी. ती काय बोलली, मला ऐकू आलं नाही. मी आभाळात टांगलेला होतो, बोटावर पुट्टी वाळत होती. तो हिला ढकलेल, ती पडेल, तिचे गुडघे, असं सगळं मला एका भोकातून बघावं लागणार होतं. मी ओरडलोसुद्धा, “मिस्त्री, खाली घ्या!” पण तोवर राखणदारानं हात खाली घेतले होते. त्याच्या घरीही टँकरचंच पाणी होतं. त्यानं कुंपणाचं फाटक उघडलं आणि बाजूला उभा राहिला. उसाच्या कडेला सिमेंटचा हौद होता. बायका हौदाभोवती गोळा झाल्या. पहिली घागर भरली, आणि भरलेली घागर लांबूनसुद्धा कळते, कारण ती उचलणाऱ्या बाईची चाल बदलते.

मी खाली आलो तेव्हा मिस्त्री पुट्टीच्या डब्याकडं बघत होता. “झालं का सर काम?”

“न्हाई झालं,” मी म्हणालो. डबा तिथंच ठेवून मी टेकाडाकडं निघालो. मी फार धाडसानं चाललो होतो असं नाही. दोनदा मागं वळून पाहिलं. कुणी बघत नाही ना, हे बघायला.

हौदाजवळ मायनं मला पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नाही किंवा वाटलं तरी तिनं दाखवलं नाही. भरलेला हंडा तिनं माझ्या हातात दिला. “धर. सांडू नको.”

तासाभरात साहेबांची जीप आली. मागून केबलवाल्याची मोटारसायकल. बायका हंडे घेऊन उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार, पोलीस येणार. साहेब खाली उतरले, हौद पाहिला, बायका पाहिल्या, कॅमेरा पाहिला. मोजून दोन श्वास घेतले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं एक घागर हौदात बुडवली आणि पुढच्या बाईच्या डोक्यावर ठेवली.

“मायमाउल्यांनो, इतके दिवस कावून न्हाई आलात?” त्यांचा आवाज भरून आला होता. “हे पाणी मी तुमच्यासाठीच राखून ठेवलं व्हतं!”

कॅमेऱ्यानं ते टिपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर ‘सहकार जलकुंभ’ अशी पाटी लागली. ती मी रंगवली नाही. मला सांगितलंच नाही. बीडहून पेंटर आणला होता आणि तो ‘कुंभ’मधला अनुस्वार विसरला. ऊस तोडून मोळ्या छावणीत पाठवल्या, प्रत्येक मोळीवर साहेबांच्या फोटोची चिठ्ठी. पुढच्या निवडणुकीत साहेबांचं पॅनेल निवडून आलं. पाणी मात्र पाऊस पडेपर्यंत मिळत राहिलं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते घेताना कुणालाही, मलासुद्धा, पाटीवरचं शुद्धलेखन आडवं आलं नाही.

पाळणा ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद झाला. मिस्त्रीनं तो जसा जोडला होता तसाच एकेक बोल्ट काढून उतरवला. पुढं तो लेकाकडं पुण्याला गेला म्हणतात. मला जाण्याआधी भेटला नाही, मीही भेटायला गेलो नाही.

जूनमध्ये माझी बदली धारूरच्या शाळेत झाली. बदलीच्या पत्रात ‘प्रशासकीय सोय’ असं कारण होतं. आम्ही सामान टेम्पोत घातलं. माय पुढं ड्रायव्हरशेजारी बसली आणि घाट चढताना खिडकीतून बघत राहिली.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर माझा हात हातात घेतला. मायही त्या दिवशी शाळा बघायला आली होती. “सर, तुमची कीर्ती आमच्या कानावर आलीय,” ते म्हणाले. “हंसाच्या डोळ्यात भोक! वा! कलावंतानं निषेध करावा तर असा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला, बरोबर बिस्किटं. भोकं मिस्त्रीनं पाडली, टेकाड माय चढली, मी फक्त बारा हंस काढले आणि ती भोकं बुजवायला निघालो होतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी तोंड मिटलं आणि बिस्किट घेतलं.

माय समोरच्या खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. मुख्याध्यापक तिच्याकडं वळले. “आजी, लेकाचा अभिमान वाटत असंल तुमाला.”

तिनं बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

“चित्रं चांगली काढतो,” ती म्हणाली.